कान्होजी नाईक जेधे आणि रोहिडखोऱ्याचा शेजार

भोर शहराच्या अगदी लगत उत्रोली हे गाव आहे. जुन्या कागदांत त्याचे नाव उत्रवळी असे येते. भोरहून आंबवड्याच्या वाटेने रायरेश्वराच्या पायथ्याकडे निघाले म्हणजे पुढे कारी हे गाव लागते. रोहिडा किल्ल्याच्या आसऱ्याने वसलेल्या या मुलखास शिवकाळी रोहिडखोरे म्हणत. त्या खोऱ्याची देशमुखी दोन घराण्यांत विभागलेली होती. तर्फ भोरचे देशमुख कारीचे जेधे, आणि तर्फ उत्रवळीचे देशमुख खोपडे. दोघेही आपल्याच समाजातले, दोघेही पिढीजाद वतनदार, आणि दोघांचे शिवार एकमेकांस लागून. सन १६५९ च्या पावसाळ्यात या दोन घरांपुढे एकच प्रश्न उभा राहिला आणि दोघांनी त्याची अगदी विरुद्ध उत्तरे दिली. एकाचे नाव त्यामुळे इतिहासात आदराने घेतले जाते, दुसऱ्याचे नाव घेताना आजही लोकांचा आवाज बदलतो. कारीच्या कान्होजी नाईकांचे चरित्र सांगताना उत्रवळीच्या खंडोजी खोपड्यांची आठवण टाळणे बरे नव्हे. शेजारच्या घराने काय केले हे कळल्यावाचून या घराने काय केले याचे खरे मोल कळत नाही.

कान्होजींचा जन्मच मुळी भाऊबंदकीच्या रक्ताने माखलेला आहे. जेधे घराण्याची जी हकीकत त्यांच्या करीन्यात लिहून ठेवली आहे तीवरून असे दिसते की, कान्होजींचे वडील नाईकजी यांचा देशमुखीच्या लोभाने त्यांच्याच भावांनी घात केला. आईही त्या वैरातून वाचली नाही. तान्हे मूल तेवढे राहिले, आणि तेही मारले जाणार होते. त्या वेळी देवजी महाला या घरच्या विश्वासू माणसाने व मुलाच्या दाईने त्या बाळास लपवून खोऱ्याबाहेर काढले आणि मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांच्या हवाली केले. आपल्या घराण्यांच्या मोठेपणाच्या गोष्टी आपण पुष्कळ सांगतो. परंतु कारीच्या जेध्यांचा वंश पुढे चालला तो एका महाल्याने आपला जीव धोक्यात घातला म्हणून चालला, ही गोष्ट आपल्या मंडळाच्या अंकात ठळकपणे नोंदलेली असावी असे आम्हांस वाटते.

बाजी पासलकर हे मोसे खोऱ्याचे देशमुख, म्हणजे आजच्या वेल्हे भागातले. वरसगाव धरणाच्या जलाशयास त्यांचे नाव दिलेले आहे आणि जुन्या मोसे खोऱ्याचा बराच मुलूख त्या पाण्याखाली गेला आहे. बाजींनी त्या पोरक्या मुलास आपल्या घरी वाढविले, हत्यार चालविण्यास शिकविले, पुढे आपली कन्या सावित्रीबाई त्यांस दिली, आणि वयात आल्यावर कारीची देशमुखी परत मिळवून देण्यास साह्य केले. ज्या वतनापायी आईबाप गेले तेच वतन कान्होजींनी तलवारीच्या जोरावर पुन्हा घेतले. त्याची किंमत त्यांस इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होती, हे पुढच्या प्रसंगासाठी ध्यानात ठेवले पाहिजे.

वतन म्हणजे काय, हे आज नव्या पिढीस सांगावे लागते. मावळचा मुलूख डोंगराळ. खालच्या अंगास भाताची खाचरे, वर डोंगरउतारावर नाचणी, वरी असली वरकस पिके. आषाढ-श्रावणात डोक्यावर इरले घेऊन गुडघाभर चिखलात आवणी करावयाची, आणि भात निघाला की त्यातून सरकारचा सारा, पाटील-कुळकर्ण्यांचे हक्क, बलुतेदारांचे बलुते आणि देशमुख-देशपांड्यांचा वाटा द्यावयाचा. देशमुखाने आपल्या तर्फेतील गावांची लावणी करावी, ओसाड जमिनीवर कुळे आणून बसवावी, वसूल सरकारात भरावा, चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त ठेवावा आणि सरकारची मागणी आली म्हणजे आपले पाईक घेऊन चाकरीस जावे. याबद्दल त्यास गावोगावचे हक्क, इनाम जमीन आणि सणासमारंभांत पहिला मान मिळे. कधी निजामशाही, कधी आदिलशाही अशी वरची सत्ता बदले. देशमुखाचा वाडा मात्र बदलत नसे. म्हणून रयतेच्या दृष्टीने बादशहा दूर होता आणि देशमुख हाच खरा धनी होता. भावाने भावाचा गळा कापावा एवढे त्या वतनात होते. सीमेच्या एका ओढ्यावरून, होळीच्या पहिल्या मानावरून पिढ्यान्‌पिढ्या वैरे चालत. जेध्यांचेही हिरडस मावळच्या बांदल देशमुखांशी असेच वैर होते, आणि त्यात दोन्हीकडची माणसे पडली होती.

प्रथम कान्होजी आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याच्या चाकरीत होते. १६३६ साली निजामशाही बुडाली आणि माहुलीच्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत गेले. राजांनी रणदुल्लाखानाकडून कान्होजींस मागून घेतले आणि कान्होजी आपल्या पाइकांसह त्यांच्याबरोबर कर्नाटकात गेले. कारीच्या भातखाचरांतून निघालेला माणूस बंगळुरापर्यंत आणि पुढे जिंजीपर्यंत गेला. त्यांच्याबरोबर त्यांचे मुतालिक दादाजी कृष्ण लोहोकरे हेही होते. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीच्या छावणीत मुस्तफाखानाने शहाजीराजांस अचानक कैद केले. त्या वेळी कान्होजी आणि दादाजीपंतही पकडले गेले व कनकगिरीस बंदीत राहिले. इकडे मावळात शिवाजी महाराजांचा उद्योग सुरू झालेला होता आणि बापाच्या कैदेने मुलास वेसण घालावी असा विजापूरचा डाव होता. मे १६४९ मध्ये कोंढाणा व बंगळूर सोडून देण्याच्या अटीवर राजांची सुटका झाली.

सुटकेनंतर शहाजीराजांनी कान्होजींस बोलावून जी गोष्ट सांगितली ती त्यांच्या सर्व पुढील आयुष्याचे सूत्र ठरली. तुमचे वतन मावळात आहे आणि माझा मुलगाही तेथेच आहे, तरी तुम्ही त्याच्या पाठीशी उभे राहावे, विजापूरची फौज आली किंवा मोगलाची आली तरी त्याच्याशी इमान राखून लढावे, असा त्या सांगण्याचा आशय होता. कान्होजींनी तशी शपथ घेतली आणि ते गावी परतले. एका वडीलधाऱ्याने आपला मुलगा दुसऱ्याच्या पदरात घातला, इतकी ती घरगुती गोष्ट होती. स्वराज्य, राष्ट्र असले मोठे शब्द त्या वेळी कोणाच्या तोंडी नव्हते. पुढे शिवाजी महाराजांनी त्या घरगुती शब्दास केवढा अर्थ दिला हे आपण सारे जाणतोच.

यानंतरची दहा वर्षे मावळच्या एकत्रीकरणाची आहेत. फत्तेखानाच्या स्वारीत जेध्यांची तलवार महाराजांकडून लढली, आणि कान्होजींचे पुत्र बाजी यांनी निशाण राखले म्हणून त्यांस सर्जेराव हा किताब मिळाला, अशी घराण्याची परंपरा सांगते. १६५६ च्या आरंभी जावळी घेतली तेव्हा जेधे, बांदल, शिळीमकर या देशमुखांचे जमाव महाराजांबरोबर होते. एकमेकांचे तोंड न पाहणारे जेधे व बांदल एका बाजूने लढू लागले, ही त्या दहा वर्षांतली सर्वांत मोठी कमाई होय, आणि ती कोणत्याही किल्ल्याहून कमी नव्हे.

१६५९ साली विजापूरने अफझलखानास पाठविले. खान वाईच्या सुभ्यावर पूर्वी राहिलेला होता. त्यास घाट, खिंडी, गावे आणि त्याहीपेक्षा देशमुखांची भांडणे नेमकी माहीत होती. दहा-बारा हजार घोडदळ, तोफा, हत्ती आणि भरपूर खजिना घेऊन तो आला. परंतु त्याचे खरे हत्यार वेगळे होते. मावळातील देशमुखांस बादशाही फर्माने गेली. कान्होजी जेध्यांच्या नावचे फर्मान १६ जून १६५९ चे असून ते इतिहाससंशोधकांस उपलब्ध झालेले आहे. शिवाजीने बंडाळी माजविली आहे, अफझलखानास वाईची सुभेदारी देऊन पाठविले आहे, तरी तुम्ही खानाच्या हुकमात राहून त्यास साह्य करावे, तसे केल्यास तुमची सरफराजी होईल, अशा मतलबाचे ते पत्र आहे. न ऐकणाराचे काय होईल हे निराळे सांगण्याची गरज नव्हती.

त्या जून महिन्यात डोळ्यांपुढे काय होते याचा नीट विचार केला पाहिजे. आपल्याला प्रतापगडचा शेवट ठाऊक आहे. त्यांना तो ठाऊक नव्हता. एका बाजूस पिढ्यान्‌पिढ्या मावळच्या दरबारी कागदांवर शिक्का उठविणारी पातशाही, आणि तिचा अनुभवी, बलाढ्य सरदार. दुसऱ्या बाजूस अवघ्या एकोणतीस वर्षांचा एक तरुण, ज्याच्या हाती काही डोंगरी किल्ले आणि काही हजार मावळे. बापजाद्यांचे वतन राखावयाचे तर शहाणपण कोणत्या बाजूस होते? खंडोजी खोपडे खानाकडे गेले. त्यांनी शिवाजी महाराजांस पकडून देण्याची हमी भरली आणि बदल्यात देशमुखीचे अभय मागितले, असे सांगतात. आणखीही काही वतनदार त्याच वाटेने गेले. खंडोजींनी केले ते वाईट होते. पण ते विलक्षण नव्हते. शंभर वतनदारांपैकी नव्वदांनी तेच केले असते, आणि त्यांच्या आज्यापणज्यांनी तेच केले होते. विलक्षण वागले ते कान्होजी.

ते फर्मान घेऊन ते आपल्या पाच मुलांसह थेट राजगडावर गेले आणि कागद महाराजांपुढे ठेवला. तेथे जे बोलणे झाले ते करीन्यात सविस्तर आले आहे. महाराजांनी त्यांची पारख केली. शेजारचे खानास मिळाले आहेत, तुम्हीही न गेलात तर वतन जाईल, जिवावर बेतेल, तेव्हा तुम्हीही जावे, असे ते म्हणाले. कान्होजींनी शहाजीराजांस दिलेल्या शपथेची आठवण दिली. आपण व आपले पाचही मुलगे पायांशी खस्त होऊ, त्यापुढे वतनाची पर्वा नाही, असे त्यांचे उत्तर होते. तसे असेल तर वतनावर पाणी सोडावे, असे महाराजांनी सांगताच कान्होजींनी तांब्यातील पाणी हातावर घेऊन खाली सोडले.

पाणी सोडणे ही आपल्याकडे नुसती बोलण्याची रीत झाली आहे. त्या काळी तो विधी होता. दान देताना हातावरून पाणी सोडले की ती वस्तू आपली राहत नाही. ज्या देशमुखीसाठी चुलत्यांनी बाप मारला, जिच्यासाठी बाजी पासलकर धडपडले, जी त्यांनी स्वतः रक्त सांडून परत घेतली, ती त्यांनी ओंजळभर पाण्याबरोबर जाऊ दिली. पाच मुलगे शेजारी उभे होते, आणि हक्क त्यांचाही जात होता.

महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. खानाची फौज खोऱ्यात उतरली तर जेध्यांची बायकामुले ओलीस धरली जातील, म्हणून त्यांनी कुटुंब तळेगाव ढमढेरे येथे हलविण्यास सांगितले. कारीहून ते गाव शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे. भर पावसाळ्यात, नद्या फुगलेल्या असताना बायका, मुले, गुरेढोरे, भांडीकुंडी घेऊन निघणे म्हणजे काय, हे मावळातल्या माणसास सांगावयास नको. इतिहासाच्या पुस्तकांत या प्रवासास एक ओळ मिळते. घरातल्या बायांनी पेटीत काय घेतले आणि काय मागे ठेवले, याची नोंद कोणी केलेली नाही.

याच काळात जगात इतरत्र वतनदार काय करीत होते हे पाहिले म्हणजे मावळातील प्रश्न केवळ मावळाचा नव्हता असे ध्यानात येते. जपानात १६३५ पासून तेथील शोगुनने असा कायदाच केला होता की, प्रत्येक मोठ्या जहागीरदाराने आळीपाळीने राजधानी येदो येथे येऊन राहावे आणि त्याची बायकामुले तर कायमची तेथेच राहावी, म्हणजे कोणास बंड करण्याची छाती होणार नाही. फ्रान्समध्ये १६४८ ते १६५३ या काळात सरदारांनी बालराजा चौदावा लुई याच्या दरबाराविरुद्ध बंडाळी केली. त्यांचा अग्रणी कोंदेचा राजपुत्र हा तर शत्रूस, म्हणजे स्पेनच्या राजास जाऊन मिळाला आणि आपल्याच देशाविरुद्ध लढला. दिल्लीत औरंगजेबाने याच १६५९ साली आपल्या राज्यारोहणाचा थाटाचा सोहळा केला आणि त्याच वर्षी थोरल्या भावास, दारा शुकोहास, ठार करविले. सत्ता आणि वारसा यांपायी भाऊ भावास ओळखत नव्हता तो काळ आहे. कारीच्या वाड्यात जे घडले तेच दिल्लीच्या किल्ल्यात घडत होते, फरक आकाराचा होता.

राजगडावरून परत आल्यावर कान्होजींनी सर्वांत महत्त्वाचे काम केले. त्यांनी मावळच्या देशमुखांस एकत्र केले. बांदल, शिळीमकर, पासलकर, मारणे, ढमाले, मरळ अशी घराणी महाराजांच्या बाजूस उभी राहिली. खानाने फर्मानांनी जे फोडावयाचे ठरविले होते ते कान्होजींच्या शब्दाने सांधले गेले. ज्येष्ठ माणूस आपले वतन सोडून पुढे झाला, मग धाकट्यांस मागे राहण्यास तोंड उरले नाही, असे यातले सरळ मानवी कारण दिसते.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस, प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडले हे लहान मुलासही ठाऊक आहे, त्याची पुनरुक्ती करीत नाही. खान पडल्यावर गडावरून इशारतीची तोफ झाली, आणि पारच्या बाजूच्या रानात दबा धरून बसलेले जेधे व बांदल यांचे मावळे खानाच्या छावणीवर तुटून पडले. त्या दाट जंगलात घोडदळास पळावयासही वाट नव्हती. मावळच्या पायदळाने एका पातशाही फौजेचा मोड केला.

खंडोजी खोपडे त्या धुमाळीतून जीव घेऊन निसटले आणि लपतछपत फिरू लागले. उत्रवळीस परत येण्याची सोय नव्हती. अखेर त्यांनी शिळीमकरांच्या सोयरिकीचा आधार घेऊन कान्होजींकडेच रदबदली केली. हा प्रसंग कान्होजींच्या चरित्रात आम्हांस पाणी सोडण्याच्या प्रसंगाइतकाच मोठा वाटतो. ज्याने आपल्या धन्यास पकडून देण्याचा विडा उचलला, ज्याच्या फितुरीने आपले घरदार रानोमाळ झाले, त्या शेजाऱ्याची बाजू घेऊन ते महाराजांकडे गेले आणि त्याचा जीव मागितला. महाराजांनी कान्होजींची भीड मोडली नाही. जीव राखला, पण उजवा हात आणि डावा पाय तोडण्याची शिक्षा दिली. कान्होजींस ते लागले असणार. जीवदान मागितले आणि हे काय झाले, असे त्यांनी विचारल्यावर महाराजांनी समजावून सांगितले की, तुमच्या शब्दाखातर जीव घेतला नाही, पण ज्या हाताने व पायाने फितुरी केली त्यांस शासन केले नाही तर राज्य कसे चालेल.

येथे पुन्हा फ्रान्सकडे दृष्टी जाते. त्याच नोव्हेंबर महिन्यात फ्रान्स व स्पेन यांच्यात पिरेनीजचा तह झाला आणि त्या तहान्वये शत्रूस मिळालेल्या कोंदेच्या राजपुत्रास माफी मिळाली. पुढे तो फ्रान्सच्या राजाचा नामांकित सेनापती म्हणून मिरवला. तेथील राज्य जुने व भक्कम होते, एका सरदाराची फितुरी त्यास पचत होती. महाराजांचे राज्य त्या दिवशी दहा-पंधरा वर्षांचे कोवळे रोप होते. खोपड्यांस मोकळे सोडले असते तर पुढच्या खानाच्या स्वारीत प्रत्येक खोऱ्यातून एक खंडोजी निघाला असता. शिक्षा कठोर होती यात शंका नाही. ती अनाठायी होती असे म्हणवत नाही.

या शिक्षेचा उल्लेख निघाला म्हणजे आपल्या बैठकांत, लग्नकार्यांत कधी कधी थट्टेने जे बोलले जाते त्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. खोपडे घराण्याची सोयरीक मावळातील सर्व घराण्यांशी आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या कृत्यावरून आज कोणास टोमणा मारणे हे कान्होजी नाईकांचे नाव सांगणाऱ्यास शोभत नाही. खुद्द कान्होजींनी त्या माणसासाठी पदर पसरला होता. शिवाय जेध्यांच्याही पुढल्या पिढीत वतनाचा मोह सुटला होता असे नाही. संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत घरातील एक भाऊ मोगलास मिळाला, आणि १६८५ च्या सुमारास महाराजांनी सर्जेराव जेध्यांस कानउघाडणीचे पत्र धाडले, हे कागद सांगतात. प्रत्येक पिढीस ते पाणी नव्याने सोडावे लागते, आणि प्रत्येक पिढी सोडतेच असे नाही.

कान्होजींच्या उतारवयात त्यांची आणखी एक परीक्षा झाली. १६६० च्या जुलैत महाराज पन्हाळ्याचा वेढा फोडून विशाळगडाकडे निघाले. घोडखिंडीत बांदलांच्या जमावाने, त्यांचे देशपांडे बाजीप्रभू यांच्या नेतृत्वाखाली, सिद्दी जौहरच्या फौजेस रोखून धरले. बाजीप्रभू भोरजवळच्या शिंद गावचे. १३ जुलै रोजी ते आणि कितीतरी बांदल मावळे त्या खिंडीत पडले. या बलिदानाचा गौरव कसा करावा हा प्रश्न होता. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान तोवर जेध्यांचा होता. तो बांदलांस द्यावा असे महाराजांच्या मनात आले, आणि त्यांनी त्याबद्दल कान्होजींस विचारले. कान्होजींनी संमती दिली.

आजच्या वाचकास ही गोष्ट लहान वाटेल. पहिल्या पानाचा मान म्हणजे विड्याचे एक पान. परंतु ज्या समाजात होळीच्या पहिल्या पोळीवरून डोकी फुटत, त्या समाजातील एका ज्येष्ठ देशमुखाने भर दरबारात आपला पिढीजाद मान एका जुन्या वैऱ्याच्या घराण्यास, स्वखुशीने, जिवंतपणी देऊन टाकणे ही सामान्य गोष्ट नव्हती. वतन सोडले तेव्हा शपथ पाठीशी होती आणि प्राणसंकट समोर होते. मान सोडताना तसले काहीच नव्हते. न सोडता तरी कोणी बोल लावला नसता. म्हणून आमच्या मते नाईकांच्या मनाचा मोठेपणा मोजावयाचा तर या प्रसंगावरून मोजावा. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत व्यासपीठावर पहिल्या ओळीत कोण बसणार यावरून जी कुजबूज होते, ती आम्ही येथे लिहीत नाही, वाचकांस ती माहीत आहे.

यानंतर कान्होजी फार काळ जगले नाहीत. ज्या वतनावर त्यांनी पाणी सोडले ते महाराजांनी जेध्यांकडेच चालविले. आंबवड्यास नागेश्वराच्या देवळाच्या परिसरात त्यांची समाधी दाखवितात. तेथेच जिवा महाला यांचीही समाधी आहे. सय्यद बंडाचा वार अडवून प्रतापगडाखाली महाराजांचा प्राण वाचविणारे तेच जिवा महाला. देवजी महाल्याने वाचविलेल्या नाईकांस शेवटी शेजार मिळाला तोही एका महाल्याचाच.

कारीच्या घराने आणखी एक गोष्ट जपून ठेवली. शके १५४० ते १६१९, म्हणजे इसवी सन १६१८ ते १६९७ पर्यंतच्या घटनांची तिथीवार टिपणे असलेला एक दस्तऐवज त्यांच्या दप्तरात होता. त्यास आज जेधे शकावली म्हणतात. घराण्याचा करीना हा आपले हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिलेला असतो, त्यामुळे त्यातील आत्मस्तुती थोडी बाजूस ठेवून वाचावा लागतो. शकावलीचे तसे नाही. तीत कोठे वर्णन नाही, फुलोरा नाही. अमुक साली अमुक घडले एवढेच. विसाव्या शतकाच्या आरंभी कारीच्या जेध्यांनी ती लोकमान्य टिळकांच्या स्वाधीन केली, आणि १९१६ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात ती छापून आली. तोपर्यंत शिवाजी महाराजांची जन्मतिथी वैशाखातली, शके १५४९ मधली धरली जात असे. शकावलीत ती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. विद्वानांत त्यावर दीर्घ काळ वाद चालला. अखेर महाराष्ट्र शासनाने याच तारखेस शिवजयंती धरली. ज्या मुलाच्या पाठीशी उभे राहण्याची शपथ कान्होजी नाईकांनी कर्नाटकात घेतली, त्या मुलाचा जन्मदिवस साऱ्या महाराष्ट्रास सांगितला तो कारीच्या दप्तरातल्या या एका ओळीने.